ट्रेलरमधील गॅसचा फ्रीज: दाराआधी पाठ पाहावी

अमेरिकेत गाडीमागे ओढून नेण्याचा कॅम्पर ट्रेलर पाहायला मराठी कुटुंब गेले की फ्रीजचे दार उघडून आत डोकावणे ओघानेच येते. दुधाचा गॅलनचा कॅन दारात उभा राहतो का, श्रीखंडाचा डबा आणि डोशाच्या पिठाचे पातेले एकाच वेळी मावेल का, कोथिंबिरीसाठी वेगळा खण आहे का, हे पाहून समाधान होते आणि विक्रेताही त्या समाधानाला हातभार लावतो. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजच्या बाबतीत मात्र ही पाहणी उलट्या बाजूने सुरू होते. असा फ्रीज नीट थंड करील की नाही, हे त्याच्या पाठीमागे ठरते, म्हणजे ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवरील जाळीआड, जेथे बर्नर आहे, नळ्या आहेत आणि गरम हवा वर जाण्यासाठी जागा ठेवलेली आहे किंवा ठेवलेली नाही. कित्येक उन्हाळे असा फ्रीज वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की वस्तू उत्तम आहे, परंतु ट्रेलर बांधणारे तिला जसे बसवतात ते बहुतेक वेळा उत्तम नसते.

हे परीक्षण ज्या फ्रीजचे आहे तो सहा घनफुटांचा, दोन दारांचा, वर फ्रीझर आणि खाली नेहमीचा कप्पा असा आहे. तो १२० व्होल्टच्या विजेवर किंवा प्रोपेन या गॅसवर चालतो. मध्यम आकाराच्या ट्रेलरमध्ये गेली अनेक वर्षे हाच आकार सर्वाधिक बसवला गेला. या बाजारात डोमेटिक आणि नॉरकोल्ड ही दोन नावे अनेक वर्षे प्रमुख राहिली असून दोघांच्या फ्रीजचे मूळ तत्त्व एकच आहे, म्हणून येथे लिहिलेले बहुतेक सर्व दोहोंना लागू पडते आणि आमच्याकडे यांपैकी कोणता आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

या फ्रीजमध्ये कंप्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. पाठीमागच्या बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे भरलेले असतात, आणि नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यांत सोडियम क्रोमेट मिसळलेले असते. तळाशी असलेल्या छोट्या बर्नरच्या उष्णतेने अमोनियाचे द्रावण उकळते आणि चहाच्या आधणात बुडबुडे जसे पाणी वर ढकलतात तसे येथे वाफेचे बुडबुडे द्रावणाला एका बारीक नळीतून वर चढवतात. वर पोचलेली अमोनियाची वाफ कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होते. तो द्रव उताराने आधी फ्रीझरच्या आणि मग खालच्या कप्प्याच्या नळ्यांत येतो, तेथे हायड्रोजनच्या सहवासात कमी तापमानालाच त्याचे बाष्पीभवन होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आत ठेवलेल्या अन्नातून ओढून घेतो. शेवटी हे मिश्रण खाली उतरते, पाणी अमोनियाला पुन्हा शोषून घेते, हायड्रोजन मोकळा होऊन वर परततो आणि फेरा नव्याने सुरू होतो. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना १९२२ मध्ये सिद्ध केली, १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ती हाती घेतली, आणि आजची डोमेटिक ही कंपनी त्याच इलेक्ट्रोलक्सच्या एका विभागातून २००१ मध्ये वेगळी झालेली आहे. शंभर वर्षांत बाहेरची बटणे आणि सर्किट बोर्ड बदलले. नळ्यांच्या आतला व्यवहार जवळजवळ तोच राहिला.

एवढे तत्त्व समजले की या फ्रीजच्या साऱ्या तऱ्हा आपोआप उलगडतात. आत पंप नसल्यामुळे द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहतो, म्हणून फ्रीज सपाटीवर असणे ही पहिली अट ठरते. उत्पादकांची मर्यादा साधारणपणे आडव्या दिशेने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश अशी असते. ट्रेलर त्याहून अधिक कलता उभा करून बर्नर चालू ठेवला, तर द्रावण नळीच्या एखाद्या बाकात साचते, बर्नरजवळच्या भागाला पुरेसे द्रावण मिळत नाही, तो भाग वाजवीपेक्षा तापतो आणि सोडियम क्रोमेटचे खडे बनून नळीत अडकतात. हे नुकसान भरून येत नाही आणि ते एकदम दिसतही नाही. दर वेळी थोडी थोडी क्षमता कमी होत जाते आणि मग एखाद्या वर्षी मालक म्हणू लागतो की फ्रीज म्हातारा झाला. चालत्या गाडीत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण हेलकाव्यांमुळे द्रव एका जागी साचून राहत नाही. खरा धोका रस्त्याकडेच्या उतारावर जेवणासाठी तासभर थांबण्यात आणि घराच्या उतरत्या ड्राइव्हवेवर आदल्या रात्री फ्रीज थंड करायला ठेवण्यात आहे. पाणसळ ट्रेलरच्या जमिनीवर न ठेवता फ्रीझरच्या तळावर ठेवून पाहावी, कारण ट्रेलरची जमीन आणि फ्रीज एकमेकांशी समांतर असतीलच अशी खात्री कोणी देत नाही.

दुसरी अट हवेची, आणि येथे मला तक्रार आहे. पाठीमागच्या कंडेन्सरने उष्णता बाहेर टाकायची असेल तर खालच्या जाळीतून थंड हवा आत आली पाहिजे, ती कंडेन्सरच्या पात्यांना घासून वर गेली पाहिजे आणि छतावरच्या झरोक्यातून बाहेर पडली पाहिजे. यासाठी पंखा लागत नाही, धुराड्याप्रमाणे हवा स्वतःच वर चढते. पण त्यासाठी नळ्या आणि मागची भिंत यांत फार मोठी पोकळी असून चालत नाही. साधारण इंचभर अंतर राहावे आणि त्याहून जास्त असेल तर पत्रा वाकवून हवा पात्यांकडे वळवावी, असे बसवण्याच्या सूचनांत चित्रासह दाखवलेले असते. आमच्या ट्रेलरमध्ये ही पोकळी चांगली वीतभर निघाली आणि पत्र्याचा पत्ताच नव्हता. त्यामुळे गार हवा नळ्यांना न शिवता मोकळ्या जागेतून सरळ वर जात होती, शिवाय फ्रीजच्या माथ्यावर रिकामा राहिलेला चौकोन गरम हवेने भरून बसत होता. व्हर्जिनियातील ऑगस्टच्या दुपारी आतला काटा ४८ अंश फॅरनहाइटच्या खाली यायला तयार नव्हता. अन्न सुरक्षित राहण्यासाठी हा आकडा ४० अंशांच्या, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, असा अमेरिकेतील सर्वमान्य नियम आहे.

उपाय अवघड नव्हता. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून, वाकवून कंडेन्सरच्या मागे बसवला, माथ्यावरची पोकळी न जळणाऱ्या इन्सुलेशनने भरून काढली आणि संगणकात असतात तसे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे कंडेन्सरच्या खाली, तापमान वाढल्यावरच सुरू होतील अशा स्विचसह लावले. त्यानंतर तशाच हवेत फ्रीज ३८ अंशांवर टिकू लागला. फ्रीज तोच, गॅस तोच, ज्योत तीच. ज्या ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्याने हा फ्रीज बसवला त्याला हा पत्रा काही डॉलरांना पडला असता. ग्राहक सेवेकडे विचारले तेव्हा ‘उन्हाळ्यात गॅसचे फ्रीज असेच चालतात’ असे उत्तर मिळाले. असे उत्तर मिळालेल्या मालकाने त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी बाहेरची जाळी उघडून विजेरीने वर पाहावे. फ्रीज ज्या ट्रेलरमध्ये सरकत्या खोलीत, म्हणजे मुक्कामी भिंतीबाहेर सरकवता येणाऱ्या भागात, बसवलेला असतो तेथे छतावर झरोका देता येत नाही, दोन्ही जाळ्या बाजूच्या भिंतीवरच असतात आणि हवा वर चढताना काटकोनात वळते; अशा ट्रेलरला पंखे ही चैन नसून गरज आहे.

चालू करण्याची कृती सोपी आहे, पण नव्या माणसाला ती एकदा कोणीतरी दाखवलेली बरी. सिलिंडरचा कॉक हळूहळू उघडावा, कारण झटक्याने उघडल्यास गळती झाल्याचे समजून सुरक्षा झडप गॅस अडवते. मग आतल्या शेगडीचा एक बर्नर पेटवावा आणि ज्योत स्थिर होईपर्यंत जळू द्यावा. महिनाभर बंद असलेल्या नळीत हवा शिरलेली असते, ती शेगडीतून निघून गेली की फ्रीजचा बर्नर पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात पेटतो. बटण दाबल्यावर बाहेरच्या जाळीजवळ कान दिला तर आधी झडप उघडल्याचा बारीक टक् असा आवाज येतो, मग ठिणगीची टिकटिक, आणि लगेच ‘भप्प’ होऊन मंद फुरफूर सुरू होते. ही फुरफूर म्हणजेच फ्रीज चालू असल्याची एकमेव खूण, कारण त्यानंतर दुसरा कोणताही आवाज होत नाही. बोर्डाला ज्योत जाणवली नाही तर तो ठरावीक वेळ ठिणगी टाकून पाहतो आणि काही प्रयत्नांनंतर गॅस बंद करून पॅनेलवर दिवा लावतो. जोराच्या वाऱ्यात ज्योत विझते, बोर्ड ती पुन्हा पेटवतो. वादळी रात्री ही टिकटिक झोपेत ऐकू येते, तिची चिंता करू नये.

ज्योत निळी, आखूड आणि टोकदार हवी. ती पिवळी पडून डोलू लागली किंवा धुराड्याजवळ काजळी दिसू लागली तर बर्नर साफ करण्याची वेळ आली. पत्र्याचे झाकण काढल्यावर बोटाएवढी बर्नरची नळी दिसते, तिच्या खाचांवर वरच्या धुराड्यातून पडलेल्या गंजाच्या तपकिरी पापुद्र्यांचा थर असतो आणि कधी कधी गॅस जेथून येतो त्या तोंडाशी कापसासारखे कोळ्याचे जाळे सापडते. प्रोपेनमध्ये मिसळलेल्या वासाच्या द्रव्याला कोळी भुलतात असे ट्रेलरवाले सांगतात. कारण काहीही असो, जाळी सापडतात हे खरे. पापुद्रे ब्रशने आणि दाबाच्या हवेने काढावेत. गॅसचे बारीक छिद्र असलेला तुकडा मात्र अल्कोहोलमध्ये बुडवून फक्त वाळवावा. त्यात तार किंवा सुई घातली की छिद्र मोठे होते आणि ज्योतीचे माप कायमचे बिघडते. परत जोडल्यावर साबणाच्या पाण्याने सांधा तपासावा. गॅसचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या ११ इंचांएवढा असावा लागतो आणि तो मोजण्याचे साधन घरी नसेल, तर हंगामाच्या सुरुवातीला तंत्रज्ञाकडून रेग्युलेटर तपासून घेणे योग्य.

गॅस किती लागतो, हा प्रश्न सर्वजण विचारतात आणि उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. या आकाराच्या फ्रीजचा बर्नर तासाला सुमारे १,५०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे अमेरिकेतील एकक) उष्णता वापरतो. एका गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू असतात आणि २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४.७ गॅलन, म्हणजे एकूण सुमारे ४,३०,००० बीटीयू. बर्नर एक क्षणही न विझता जळत राहिला तरी सिलिंडर जवळजवळ १२ दिवस पुरतो. थंड हवेत तो मधूनमधून बंद होत असल्यामुळे त्याहून बराच अधिक. याउलट ट्रेलरची आतली हवा गरम करणारी, तासाला २०,००० बीटीयूची भट्टी अखंड चालवली तर तोच सिलिंडर २१-२२ तासांत रिकामा होईल. गॅस संपला की फ्रीजला दोष देणारे पुष्कळ भेटतात, पण खरी खादाड ही भट्टी. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे: दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून अदलाबदलीने मिळणाऱ्या सिलिंडरमध्ये बहुधा १५ पौंडच गॅस असतो, पंपावर भरून घेतल्यास पूर्ण २० पौंड मिळतो. भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. येथे जवळजवळ शुद्ध प्रोपेन मिळतो, आणि तो उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप राहत असल्यामुळे पाणी गोठवणाऱ्या रात्रीही बर्नरला पुरवठा होत राहतो.

‘गॅसवर चालतो’ याचा अर्थ ‘बॅटरी लागत नाही’ असा मात्र नाही. बर्नरची झडप, ठिणगी आणि बोर्ड यांना १२ व्होल्ट लागतातच. हा खर्च लहान आहे, अर्ध्या अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण काही फ्रीजच्या दारांच्या मधल्या पट्टीत दमट हवेत थेंब जमू नयेत म्हणून एक तापणारी तार असते आणि तिचे बटण चुकून चालू राहिले तर दिवसभरात बॅटरी जाणवण्याइतकी उतरते. विजेवर चालवताना हाच फ्रीज सुमारे ३०० वॉट घेतो. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून वीज घेतली असेल तर त्याचे काही वाटत नाही, परंतु बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून तो चालवण्याचा मोह टाळावा, कारण त्याला २५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो आणि नेहमीची शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांत अर्ध्यावर येते. १२ व्होल्टच्या हीटरवरही, म्हणजे एकूण तीन प्रकारे, चालणारे लहान फ्रीज मिळतात; त्यांचाही तो तिसरा पर्याय गाडीचे इंजिन सुरू असतानाच वापरण्याजोगा.

आता थंड करण्याच्या कसोटीविषयी. हा फ्रीज घरच्या फ्रीजसारखा तासाभरात थंड होत नाही. रिकामा फ्रीज तयार व्हायला आठ तासांपासून पूर्ण दिवसापर्यंत वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर लावून ठेवावा आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू घरच्या फ्रीजमध्ये आधीच गार केलेली असावी. कोमट वरणाचे पातेले आत ठेवले तर त्याची किंमत पुढचे पाच-सहा तास इतर सर्व अन्नाने चुकवावी लागते. मागे जी पात्यांची ॲल्युमिनियमची पट्टी दिसते तिला डबे टेकवू नयेत, कप्प्यांवर प्लास्टिकचे कागद अंथरू नयेत, आणि बॅटरीवर चालणारा एक छोटा पंखा आत ठेवावा. वर आणि खाली पडणारा तापमानाचा फरक त्याने ठळकपणे कमी होतो. त्याच पात्यांवर चिमट्याने लावलेला एक तापमान-संवेदक असतो, तो वर सरकवला की फ्रीज अधिक थंड होतो. आमचा अनुभव असा की दूध, भाज्या आणि विरजणाचे दही यांना हा फ्रीज उत्तम; आइस्क्रीम मात्र मे महिन्यात घट्ट राहते आणि जुलैत चमच्याने खाण्याऐवजी पिण्याजोगे होते. बर्फ आपोआप वितळवण्याची सोय नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात पात्यांवर बर्फाचा थर चढतो आणि तो काढण्यासाठी फ्रीज बंद करावा लागतो. सुरी घालून बर्फ खरवडणे म्हणजे नळी फोडण्याला आमंत्रण. ट्रेलर उभा करताना फ्रीजची बाजू दुपारच्या उन्हात येणार नाही अशी जागा निवडली तर पंख्यांचे अर्धे काम तेथेच होते.

या फ्रीजचे खरे मोल कळते ते वीज नसलेल्या ठिकाणी. न्यू जर्सीहून निघून शेनान्डोआ नॅशनल पार्कमध्ये जावे, तर तेथील छावण्यांत विजेचा खांब नसतो आणि जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो. अशा जागी ढगाळ हवेतही, झाडांच्या दाट सावलीतही, एकही आवाज न करता आठवडाभर दूध गार ठेवणारे दुसरे साधन मी पाहिलेले नाही. पश्चिमेकडे सरकारी मोकळ्या जमिनींवर चौदा दिवसांपर्यंत फुकट तळ देता येतो, आणि तेथे मुक्काम करणारे जुने लोक आजही याच फ्रीजवर ठाम आहेत. उंचीची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. नॉरकोल्डच्या सूचनांनुसार ५,५०० फुटांच्या वर गॅसवर थंडावा कमी होऊ शकतो आणि बर्नर विझू शकतो, कारण विरळ हवेत ज्वलनाला प्राणवायू कमी मिळतो. तेथे शक्य असेल तर विजेवर चालवावा असा सल्ला दिला जातो. गंमत अशी की यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचा अपवाद सोडला तर पार्कमधील कोणत्याही छावणीत विजेची जोडणी नाही, आणि तेथील बऱ्याच छावण्या ७,००० फुटांच्या वर आहेत. आमचा फ्रीज तेथे चालला, पण रात्रीची थंडी त्याच्या मदतीला होती, हे मान्य केले पाहिजे.

प्रवासात ज्योत चालू ठेवावी की नाही, यावर ट्रेलरवाल्यांत कायमचे दोन तट आहेत. मी बंद ठेवण्याच्या बाजूचा आहे. नीट थंड झालेला, भरलेला आणि दार न उघडलेला फ्रीज पाच-सहा तास अन्न सांभाळतो आणि अपघातात उघडी गॅसची नळी नको. पेट्रोल पंपावर जाण्यापूर्वी तर ज्योत विझवलीच पाहिजे. पूर्व किनाऱ्यावरील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: बाल्टिमोरमधील आय-९५ महामार्गावरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा आणि आय-८९५ वरचा हार्बर बोगदा यांत १० पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही, मग त्याचा कॉक बंद असो वा उघडा. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात असत. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला, त्यामुळे आता शहराला पश्चिमेकडून आय-६९५ या वळणमार्गाने वळसा घालावा लागतो. फोनवरचा नकाशा हे आपणहून सांगत नाही.

सुरक्षिततेचा इतिहास झाकून ठेवण्यासारखा नाही. डोमेटिकने १९९७ ते २००३ या काळात बनवलेले नऊ लाखांहून अधिक दोन दारांचे फ्रीज २००६ मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आले, कारण बर्नरजवळच्या नळीला तडा जाऊन ज्वालाग्राही द्रावण गळण्याची आणि आग लागण्याची शक्यता आढळली होती. नॉरकोल्डच्या १२०० मालिकेतील मोठ्या फ्रीजनाही पुढे आगीच्या धोक्यामुळेच परत बोलावले गेले. म्हणून जुना ट्रेलर घेताना फ्रीजच्या आतील पट्टीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि दुरुस्ती झाली आहे का, हे पडताळावे. आत प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींचे सूचक चालू स्थितीत असावेत. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा सूचक जमिनीलगत असतो आणि त्याच्यासमोर बूट ठेवण्याची सवय घरातल्या मुलांना लागू देऊ नये.

१२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज हा याचा आजचा प्रतिस्पर्धी आहे आणि नव्या ट्रेलरांत तोच झपाट्याने येत आहे. तो तासा-दोन तासांत थंड होतो, कललेला चालतो, उन्हाची आणि उंचीची पर्वा करत नाही आणि त्याला जाळी, झरोका, ज्योत काहीच लागत नाही. साधारण दिवसाला ५० अँपिअर-तासांच्या आसपास वीज मात्र त्याला रोज हवी, उन्हाळ्यात आणखी थोडी, म्हणजे लिथियम बॅटरी आणि छतावर सौर पॅनेल ओघाने आलेच. जे कुटुंब बहुधा विजेच्या खांबाजवळ मुक्काम करते, जुलै-ऑगस्टमध्येच सुट्टी घेते आणि लहान मुलांमुळे दार सतत उघडते, त्याने कंप्रेसरचा घ्यावा, मी आग्रहाने सांगेन. जे झाडीत, थंड महिन्यांत, आठवडा-दहा दिवस एका जागी राहतात आणि ज्यांना पाणसळ काढून चाकाखाली फळी सरकवण्याचा कंटाळा नाही, त्यांनी गॅसचा फ्रीज केवळ जुना म्हणून काढून टाकू नये.

बिघडल्यावर काय, हेही पाहिले पाहिजे. बोर्ड, झडप, ठिणगीची कांडी हे भाग सहज मिळतात आणि हौशी माणूस ते घरी बदलू शकतो. नळ्यांचा संच फुटला तर मात्र तो सांधता येत नाही, संपूर्ण बदलावा लागतो, आणि मजुरी धरून हा खर्च नव्या फ्रीजच्या जवळ जातो. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात, जेथे अमेरिकेतील ट्रेलरांचे कारखाने एकवटले आहेत, तेथेच आमिश समाजाची मोठी वस्ती आहे. विजेची जोडणी न घेणारी त्यांची अनेक घरे प्रोपेनच्या फ्रीजवर चालतात, आणि त्या भागात नळ्यांचे संच नव्याने बांधून देणाऱ्या कार्यशाळा आहेत. ज्यांच्या घरातले रोजचे दूध याच यंत्रावर अवलंबून आहे त्यांनी बांधलेल्या संचावर माझा कारखान्याच्या संचाइतकाच विश्वास आहे, किंबहुना थोडा जास्त.

जुना ट्रेलर पाहायला जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशी कळवून फ्रीज गॅसवर सुरू करून ठेवायला सांगावे. विजेवर थंड झालेला फ्रीज दाखवला तर बर्नरबद्दल काहीच कळत नाही. आत आपला थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात ठेवावा आणि तो स्थिर होईपर्यंत बाहेर जावे. खालच्या जाळीच्या खिट्ट्या नाण्याने फिरतात. जाळी काढून प्रथम नाक पुढे करावे, कारण अमोनियाचा वास लपत नाही. नंतर ज्योतीचा रंग, नळ्यांमागची पोकळी, पत्रा आहे की नाही आणि वरचा झरोका पक्ष्यांच्या घरट्याने बुजलेला नाही ना, हे विजेरीने पाहावे. नळ्यांच्या सांध्यांवर पिवळी भुकटी दिसली तर ती सोडियम क्रोमेटची असते, ती विषारी आहे, तिला हात लावू नये, आणि फ्रीजची किंमत शून्य धरूनच पुढची बोलणी करावीत.